मदत सरकारची, यादी कोणाची?

२०२१ सालच्या जानेवारी महिन्यात केंद्रीय कृषी मंत्रालयाने माहिती अधिकाराच्या एका अर्जास उत्तर दिले. अर्ज साधाच होता. दहा रुपयांचे शुल्क भरून या देशाच्या कोणाही नागरिकास करता यावा असा. प्रश्नही सरळ होता. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे पैसे ज्यांना मिळावयास नको होते अशा किती जणांना ते मिळाले? उत्तर आले की, २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींच्या खात्यांवर १,३६४ कोटी रुपये जमा झाले असून त्यांतील निम्म्याहून अधिक जण प्राप्तिकर भरणारे आहेत. पुढच्याच महिन्यात संसदेत हा आकडा ३२ लाख ९१ हजार झाला आणि रक्कम २,३२६ कोटींवर गेली. जुलै महिन्यात खुद्द कृषिमंत्र्यांनी लोकसभेत ४२ लाख १६ हजार नावे आणि २,९९२ कोटी रुपये सांगितले. २०२२ च्या मार्चमध्ये रक्कम ४,३५२ कोटींवर पोचली होती आणि तोवर परत आलेले पैसे होते सुमारे २९७ कोटी.

या चढत्या भाजणीच्या आकड्यांत रक्कम ही मुख्य गोष्ट आहे, असे आम्ही मानीत नाही. सरकारच्या हिशेबाप्रमाणे चुकीने गेलेला पैसा एकंदर वाटपाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता. एवढ्या विस्तीर्ण देशात शंभरांतले अठ्ठ्याण्णव रुपये ठरल्या घरी पोचत असतील, तर ती सामान्य गोष्ट नव्हे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मुख्य गोष्ट ही की, तो पहिला आकडा वृत्तपत्रांत आला तो सरकारने आपण होऊन दवंडी पिटली म्हणून नव्हे. एका नागरिकाने विचारले म्हणून आला. आणि ज्या कायद्याच्या बळावर त्याने विचारले, त्या कायद्याचे एक कलम १४ नोव्हेंबर २०२५ पासून पार बदलून गेले आहे. महासाथीच्या काळात शेतकऱ्यांच्या नावे वाटलेल्या पैशाचा हिशेब आज पुन्हा उघडून पाहण्याची आवश्यकता आम्हांस वाटते, ती याच कारणास्तव.

ते दिवस वाचक विसरले नसतील. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देश बंद झाला. निफाड आणि तासगावच्या मळ्यांत द्राक्षे वेलीवर होती, कोकणात हापूसची पेटी भरावयाची वेळ आली होती, आणि माल घेऊन जाणारी मालमोटार नव्हती, उतरवून घेणारा हमाल नव्हता, बाजार समितीचे दार उघडे राहील की नाही याची खात्री नव्हती. अनेक बागायतदारांनी खावयाची द्राक्षे बेदाण्यासाठी रॅकवर टाकली. काहींनी ती वेलीवरच सोडून दिली. कुक्कुटपालन करणाऱ्यांवर तर अफवेनेच आधी घाला घातला होता. अशा वेळी, २६ मार्च रोजी, केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत शेतकऱ्यांच्या वाट्यास आलेली ठळक गोष्ट अशी होती : ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी २,००० रुपये.

आता हे दोन हजार रुपये कोठून आले? सन्मान निधीची योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली होती. वर्षाला ६,००० रुपये, तीन समान हप्त्यांत, असे तिचे स्वरूप. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचा हप्ता शेतकऱ्यास तसाही मिळावयाचाच होता. तो महिन्याच्या आरंभीच देण्यात आला, हे चांगले झाले; संकटात लवकर मिळालेल्या पैशास किंमत असते. परंतु जे शेतकऱ्याचे येणे होते, तेच महासाथीतील नवे देणे म्हणून मोजले गेले. सावकाराने ठेवीचे पैसे वेळेवर परत करून त्यास दानधर्म म्हणावे, तशातलाच हा प्रकार. हिशेब उघडा नसला म्हणजे काय होते, याचे हे पहिले उदाहरण होय. कारण येथे कोणी पैसा खाल्ला नाही, कोणी खोटे नावही घातले नाही. केवळ जुन्या रकमेवर नवी चिठ्ठी डकवण्यात आली, आणि टाळ्या मात्र वाजल्या.

दुसरे उदाहरण तामिळनाडूचे, आणि ते अधिक गंभीर आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्या राज्यात असे उघडकीस आले की, सन्मान निधीच्या यादीत पाच लाखांहून अधिक अपात्र नावे घुसली आहेत आणि सुमारे ११० कोटी रुपये त्यांच्या खात्यांवर गेले आहेत. अधिकाऱ्यांना दिलेले संगणकाचे संकेतशब्द दुसऱ्यांच्या हाती पडले होते. दलालांनी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनी मिळून ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही अशांनाही शेतकरी करून टाकले. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे तपास गेला, कंत्राटी कर्मचारी कामावरून दूर झाले, पैसेही काही परत आले. परंतु विचार करावयाचा तो असा की, ही पाच लाख नावे काही आकाशातून पडली नव्हती. ती कोणत्या ना कोणत्या गावाच्या नावापुढे लिहिलेली होती. त्या गावात कोणाकडे किती जमीन आहे, हे तेथल्या पोरासोरांसही ठाऊक असते. मग ती यादी गावाने वाचली असती, तर अशी किती नावे टिकली असती?

गावाने यादी वाचण्याची ही कल्पना आमची नव्हे. राजस्थानात १९९४ सालच्या डिसेंबरात कोट किराना या गावी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. सरकारी कामांची हजेरीपत्रके गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचण्यात आली. अशा सुनावण्यांतून जे बाहेर पडले, ते ऐकून माणसे प्रथम हसली आणि मग संतापली. ज्यांनी कधी घमेले उचलले नाही त्यांची नावे, गाव सोडून गेलेल्यांची नावे, क्वचित मृतांचीही नावे मजुरीपुढे लिहिलेली होती. लेखापरीक्षकास जे कागदावरून कधी कळले नसते, ते ओट्यावर बसलेल्या म्हातारीस एका क्षणात कळले. माहितीच्या अधिकाराची देशातील चळवळ अशा ओट्यांवरून उभी राहिली. महाराष्ट्रास तर हे नव्याने सांगावयास नको. रोजगार हमीच्या हजेरीपटांचा अनुभव आपल्या गाठी आहे, आणि देशाचा कायदा २००५ साली झाला त्याच्या तीन वर्षे आधी, २००२ साली, या राज्याने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आपला स्वतंत्र कायदा अमलात आणला होता.

२००५ च्या त्या कायद्याचे चौथे कलम आमच्या मते साऱ्या कायद्याचा कणा आहे. नागरिकाने विचारण्याची वाट न पाहता सरकारी कार्यालयांनी काय काय प्रसिद्ध केले पाहिजे, हे त्यात सांगितले आहे. आणि त्यात अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी, त्यावर दिलेल्या रकमा आणि लाभधारकांचा तपशील यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सन्मान निधीच्या संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थींची यादी ठेवण्यात आली, ती याच तत्त्वास धरून होती आणि त्याबद्दल सरकारला श्रेय दिले पाहिजे. मात्र ती यादी म्हणजे नुसती नावांची माळ होती. कोणत्या जमिनीच्या आधारे नाव घातले, अपात्रतेच्या कसोट्या कोणी व केव्हा लावून पाहिल्या, हे त्यावरून समजत नसे. कसोट्या काही सौम्य नव्हत्या. प्राप्तिकर भरणारे, दहा हजारांहून अधिक मासिक निवृत्तिवेतन घेणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकर, आमदार-खासदार, डॉक्टर-वकील-अभियंते हे सारे वर्ज्य होते. पण ही वर्ज्यता ज्याची त्यानेच जाहीर करावयाची होती. शपथ घेणारा तोच आणि शपथेचा साक्षीदारही तोच! प्राप्तिकर खात्याच्या नोंदींशी ताळा घातला गेला तो पैसे देऊन झाल्यावर. मग तहसीलदारांच्या नोटिसा निघाल्या. जुलै २०२१ च्या हिशेबात महाराष्ट्राच्या नावावर सुमारे ३५८ कोटींची अपात्र रक्कम होती. आसाम आणि पंजाब यांच्या खालोखाल आपले राज्य उभे होते. त्याच सुमारास या योजनेचे काम महसूल खात्याचे की कृषी खात्याचे, यावर आपल्याकडे दोन खात्यांची ओढाताण चालली होती. तलाठी कृषी सहायकाकडे बोट दाखवी, कृषी सहायक तलाठ्याकडे. आणि शेतकरी दोघांच्याही दाराशी खेटे घाली.

यादीतली चूक यादीपुरती राहत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी या नावाने वर्षाला आणखी ६,००० रुपये देण्याचे ठरवले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिर्डी येथे तिचा पहिला हप्ता देण्यात आला. लाभार्थी कोण? तर केंद्राच्या यादीत जे आहेत ते. म्हणजे केंद्राच्या यादीत जे नाव चुकून आले त्यास दुप्पट मिळणार, आणि जे चुकून सुटले त्याचे दुप्पट बुडणार. एकाच पायावर दुसरा मजला चढवावयाचा, तर पाया निदान एकदा खणून पाहावा, असे कोणाही गवंड्याने सांगितले असते.

सुटलेल्या नावांविषयी आपल्या सार्वजनिक चर्चेत फार थोडे बोलले जाते. अपात्रांची चीड सर्वांस येते. वगळलेल्याचे दुःख ज्याचे त्यालाच. मे २०२२ अखेरचा अकरावा हप्ता दहा कोटींहून अधिक शेतकऱ्यांना दिल्याचे सरकारने जाहीर केले होते. रक्कम होती सुमारे २१ हजार कोटी. त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला बारावा हप्ता निघाला तो सुमारे १६ हजार कोटींचा आणि आठ कोटींहून काही अधिक शेतकऱ्यांचा. पाच महिन्यांत जवळजवळ दोन कोटी नावे कोठे गेली? सर्वसाधारण कारण सांगितले गेले. खात्यास आधार जोडणे, जमिनीच्या नोंदी जोडणे, ओळख पटवणे सक्तीचे झाले होते. यात खरोखर अपात्र असलेले पुष्कळ गळाले असतील, आणि ते गळाले हे योग्यच झाले. पण ज्याच्या बोटांच्या रेषा कुदळीने झिजल्या आणि यंत्राने त्याचा अंगठा ओळखला नाही, तोही त्याच चाळणीतून खाली पडला. पुढील काळात संख्या पुन्हा वर गेली, यावरूनच गळालेले सगळे अपात्र नव्हते हे सिद्ध होते. या दोन कोटींपैकी प्रत्येकाचे नाव का निघाले, हे त्याच्या गावाच्या भिंतीवर कधीही लागले नाही. दिलेल्यांची यादी होती, काढलेल्यांची नव्हती.

आणि जे मुळात यादीत येऊच शकत नाहीत, त्यांचे काय? योजना जमिनीच्या मालकीवर उभी आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला पुण्या-मुंबईत नोकरी करीत असला आणि करपात्र उत्पन्नाच्या खाली असला तर तो शेतकरी. आणि त्याची जमीन बटईने कसणारा, टाळेबंदीत ज्याचा टोमॅटो बांधावर सडला तो, या योजनेच्या लेखी शेतकरीच नव्हे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर फेरफार न झाल्यामुळे नाव न चढलेली बाईही नव्हे. पैसा कोणाकडे गेला आणि नुकसान कोणाचे झाले, या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे हे अंतर डोळ्यांत भरते. जुन्या काळी तगाईच्या वाटपातही हेच होत असे. फरक एवढाच की, तगाई कोणास मिळाली हे गावास चावडीवरून कळत असे.

आता त्या बदललेल्या कलमाकडे वळू. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातील एका पोटकलमानुसार, ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने एखाद्याच्या खाजगी जीवनावर विनाकारण आक्रमण होईल, ती नाकारता येत असे. मात्र व्यापक लोकहित दिसले तर तीही द्यावी असे तेथेच म्हटले होते. आणि त्यापुढे एक सुंदर वाक्य होते की, जी माहिती संसदेस वा विधिमंडळास नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही. साध्या नागरिकास आमदाराच्या बरोबरीने बसवणारे ते वाक्य २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने पुसून टाकले. कायदा दोन वर्षे तसाच पडून होता. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हा बदल लगेच अमलात आला. आता त्या पोटकलमात एवढेच उरले आहे की, वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती देण्याचे बंधन नाही.

माणसाचे नाव वैयक्तिक नाही, असे कोण म्हणेल? त्याच्या खात्यावर किती पैसे आले, ही गोष्ट वैयक्तिक नाही काय? यापुढे किती अपात्र सापडले असा आकडा मागणाऱ्यास तो मिळेल. कोणत्या गावातले कोण, असे विचारणाऱ्यास एका ओळीचे उत्तर देऊन वाटेला लावता येईल. नावावाचून आकडा म्हणजे तोंड झाकलेला साक्षीदार. त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही.

सरकारचे उत्तर आम्ही दडवून ठेवू इच्छीत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ सालचा निर्णय आहे, त्यास अनुसरून बदल केला, असे सरकार म्हणते. शिवाय लोकहित अधिक वजनदार असेल तर माहिती देता येईल, अशी तरतूद त्याच आठव्या कलमात अन्यत्र शिल्लक आहे; आणि जी माहिती कायद्यानेच उघड करावयाची आहे तिला नवा कायदा अडवीत नाही, असेही सांगण्यात आले आहे. ही उत्तरे पोकळ नाहीत. पण ज्यांनी तालुका कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून एखादा कागद मागितला आहे, त्यांना ठाऊक आहे की, नकार देण्यास एक शब्द पुरतो आणि होकार देण्यास कारकुनाला दहा वेळा विचार करावा लागतो. दोन तरतुदींपैकी कोणती वापरावी हे ज्याच्या मर्जीवर आहे, तो आपल्या अंगाशी येणार नाही अशीच निवडणार. सरकारचे म्हणणे खरे असेल, तर ते पत्रांतून आणि भाषणांतून सांगण्याऐवजी कायद्यात एका वाक्याने लिहिण्यास कोणती अडचण होती?

असे वाक्य लिहिता येते. अमेरिकेने ते लिहिले आहे. त्या देशात शेतकऱ्यांना मिळणाऱ्या अनुदानाची नावे उघड करण्यावरून जुना वाद आहे. कृषी खाते नावे देईना, तेव्हा वॉशिंग्टन पोस्ट हे वृत्तपत्र न्यायालयात गेले आणि १९९६ साली कापसाच्या अनुदानाचे लाभधारक उघड करण्याचा निकाल मिळाला. पुढे २००१ साली एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने असे सर्व तपशील कोणासही शोधता येतील अशा रीतीने मांडले. मोठ्या जमीनदारांची पंचाईत झाली, आणि २००८ च्या कृषी कायद्यात शेतकऱ्याने सरकारला दिलेली शेताची माहिती गुप्त राखण्याचे कलम आले. परंतु त्याच कलमात स्पष्ट म्हटले की, दिलेल्या रकमा आणि त्या घेणाऱ्यांची नावे व पत्ते यांस ही गुप्तता लागू नाही. शेतात काय पेरले हे शेतकऱ्याचे. सरकारकडून किती घेतले हे सर्वांचे. इतकी स्वच्छ रेषा आमच्या कायद्यात आम्हांस आढळत नाही.

महासाथीत त्या रेषेचा कस लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यांतले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांच्या हाती जावयाचे होते. एका व्यक्तीस अडीच लाख डॉलरची मर्यादा होती, पण भागीदारांच्या कंपनीस ती साडेसात लाखांपर्यंत वाढवता येई. त्या एका वर्षात तेथील शेतीला मिळालेले सरकारी पैसे सुमारे ४५ अब्ज डॉलरच्या घरात गेले, म्हणजे आदल्या वर्षाच्या दुपटीच्या आसपास. खात्याने राज्यवार आणि पीकवार बेरजा वेळोवेळी प्रसिद्ध केल्या. नावे मिळवण्यास मात्र पत्रकारांना आणि संस्थांना तेथील माहितीच्या कायद्याखाली अर्ज करावे लागले. त्याच काळात धान्य-भाजीच्या ज्या पेट्या गरिबांना वाटल्या जात होत्या, त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे पत्र घातले जाऊ लागले. देणाऱ्याचे नाव पेटीत. घेणाऱ्याचे नाव अर्ज केल्यावर! आपल्याकडील छायाचित्रे पाहिलेल्या वाचकास यात परके असे काही वाटणार नाही. लहान उद्योगांना दिलेल्या कर्जांच्या बाबतीत तर नावे दाबून ठेवण्याचा प्रयत्न झाला आणि अखेर न्यायालयाच्या आदेशानंतर, १ डिसेंबर २०२० रोजी, ती सर्व बाहेर आली. तेथे सगळे उजेडात आहे असेही नाही. पीकविम्याच्या हप्त्यावर सरकार मोठे अनुदान देते, पण ते कोणास किती, हे तेथील पीकविम्याचा कायदा आजही सांगू देत नाही.

युरोपची गोष्ट निराळी, आणि आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूस वजन टाकणारी आहे. म्हणूनच ती सांगितली पाहिजे. कृषी अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव संकेतस्थळावर झळकवण्याचा नियम तेथे होता. जर्मनीतील दोन शेतकऱ्यांनी त्यास आव्हान दिले, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले. किती रक्कम, किती काळ, कशासाठी याचा काहीच भेद न करता सरसकट सर्व व्यक्तींची नावे जगापुढे टांगणे हे प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालय म्हणाले. पण त्यानंतर युरोपने नावे गुंडाळून ठेवली नाहीत. २०१३ च्या नव्या नियमांत ती परत आली. केवळ लहान रकमेसाठी, अधिकांत अधिक १,२५० युरोपर्यंत, नाव झाकण्याची सवलत ठेवण्यात आली.

या कसोटीने पाहिले तर सहा हजार रुपये घेणाऱ्या आपल्या अल्पभूधारकाचे नाव झाकूनच ठेवावे लागेल. हा आक्षेप खरा आहे. गरिबाने मदत घेतली म्हणून त्याचे नाव साऱ्या जगाने वाचावे, आणि बड्या कर्जदाराची रक्कम बँकेने निर्लेखित केली तर त्याचे नाव गुप्त राहावे, हा न्याय आम्हांसही मान्य नाही. २०१७ साली काही सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार क्रमांकही उघडे पडले होते. ती पारदर्शकता नव्हे, निष्काळजीपणा होता. आधार क्रमांक, बँक खाते, दूरध्वनी यांपैकी काहीही कोठेही छापले जाऊ नये. पण युरोपातील शेतकऱ्याचा हक्क कोणी तरी कार्यालयात बसून तपासतो. येथे तो तपासणारा खरा माणूस म्हणजे त्याचा शेजारी. म्हणून आम्ही यादीची जागा वेगळी मानतो. सहा हजारांची यादी तिच्या गावाची आहे. ती चावडीवर लागावी, ग्रामसभेत वाचली जावी, आणि मागेल त्यास तलाठ्याकडून तिची प्रत मिळावी. ज्या योजनांत रकमा लाखांत जातात, ज्या सवलती कारखान्यांना, संस्थांना आणि कंपन्यांना मिळतात, त्यांची नावे मात्र गावापुरती ठेवून चालणार नाहीत. ती सर्व राज्याने वाचली पाहिजेत.

गावात यादी वाचली म्हणून सगळे सुरळीत होईल, अशा भ्रमात आम्ही नाही. सरपंचाच्या भावाचे नाव वाचले जाताच सभेत कोण हात वर करणार? गावकीचा दाब आम्ही जाणतो. पण हात वर न करणाराही घरी जाऊन अर्ज लिहू शकतो, अट एवढीच की, यादी त्याने ऐकलेली असावी आणि अर्जाला उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक असावे. आज परिस्थिती उलट होत चालली आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून शेतकऱ्याला ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याची जमीन, त्याचे आधार, त्याची ओळख हे सारे एका यंत्रात गोळा झाले आहे. सरकारला शेतकऱ्याविषयी इतके तपशीलवार ज्ञान पूर्वी कधी नव्हते. शेतकऱ्याला मात्र आपले नाव का निघाले हे विचारण्यासाठी सुविधा केंद्राच्या रांगेत उभे राहून पडद्यावरील एक इंग्रजी शब्द दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होण्यास वेळ लागेल, आणि न्यायालयांत काय होईल ते होईल. राज्य सरकारला मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. नमो शेतकरी योजना राज्याची आहे, तिचा पैसा राज्याचा आहे, आणि माहिती अधिकाराचे चौथे कलम अद्याप जागच्या जागी आहे. तीन याद्या कराव्या लागतील : ज्यांना पैसे मिळाले त्यांची, ज्यांचे नाव काढले त्यांची कारणासह, आणि ज्यांचा अर्ज नाकारला त्यांची कारणासह. तिन्ही याद्या संगणकात आजच आहेत. गावोगाव त्यांची छपाई करावयास प्रत्येक गावी चार-दोन कागद पुरतील. वर्षात जेव्हा जेव्हा ग्रामसभा भरते, तेव्हा ग्रामसेवकाने त्या वाचाव्यात आणि आलेल्या हरकतींवर महिन्याच्या आत तहसीलदाराने लेखी निर्णय द्यावा, एवढे परिपत्रक मंत्रालयातून निघावयास मंत्रिमंडळाची बैठकही लागणार नाही. मुख्यमंत्री आणि कृषिमंत्री यांनी ते पुढील हप्त्याच्या आधी काढावे, अशी आमची मागणी आहे. आणि ते निघणार नसेल, तर कोणत्या यादीतले कोणते नाव गावापुढे वाचण्यास सरकारला संकोच वाटतो, हे त्यांनी विधानसभेत सांगावे.